संत फिलोमिनाची गोष्ट थडग्यावर कोरलीय म्हणे!

कुतूहल: कालच्या पोस्टीत ठोकून दिलंय: ‘फिलोमिना ग्रीक राजकन्या, रोमन सम्राट डायोक्लेशियनची लग्नाची मागणी नाकारली, जहाजाचा नांगर बांधून टायबर नदीत फेकली, बाण मारले, शेवटी शिरच्छेद, हे सगळं थडग्यावरच कोरलंय.’ कोरलेलं काहीही नाही! मे १८०२ मध्ये रोमच्या प्रिसिला कॅटाकोममध्ये (जमिनीखालच्या दफनभुयारात) भिंतीतला एक कोनाडा सापडला. तोंडाला भाजक्या मातीच्या तीन फरश्या, त्यांवर लाल रंगात ‘लुमेना’, ‘पाक्स ते’, ‘कुम फि’. पहिली फरशी उचलून शेवटी ठेवा, तर ‘पाक्स तेकुम फिलुमेना’, म्हणजे फिलुमेना (हीच फिलोमिना), तुला शांती. शिवाय नांगर, बाण, खजुराची फांदी. आत एका मुलीची हाडं. बास. राजकन्या अवतरली १८३३ मध्ये, नेपल्सच्या सिस्टर मारिया लुइझांच्या साक्षात्कारातून. नांगर दिसला म्हणून टायबर, बाण दिसले म्हणून धनुर्धारी!

वसईकर: आणि रक्ताची बाटली सोयीस्करपणे गाळलीत? कोनाड्यापाशी काचेची कुपी होती. १६६८ च्या रोमच्या फर्मानानुसार खजुराची फांदी आणि रक्ताची कुपी म्हणजे हुतात्म्याची खूण.

चुनखडी: फर्मान काढलं म्हणून रक्त होत नाही, साहेब. अशा कुप्या चुन्यात रोवलेल्या ढिगानं सापडल्यात, ख्रिस्त्यांचा छळ थांबल्यानंतरच्या थडग्यांवरसुद्धा. सुगंधी तेलाच्या असाव्यात असं पुढच्या संशोधकांचं मत. तळाला तपकिरी थर दिसला की लगेच रक्त?

वसईकर: म्हणजे हुतात्मे नव्हतेच, असं म्हणा ना एकदाचं!

चुनखडी: कुठे म्हटलं? कुपी पुरावा नाही, एवढंच म्हटलं. वाचून तरी भांडा.

कुतूहल: कुपी राहू द्या, फरश्यांकडे या. पुरातत्त्वज्ञ मारुक्कीचं म्हणणं, क्रम मुद्दाम मोडलाय: जुन्या थडग्याच्या फरश्या चौथ्या शतकात दुसऱ्याच मृतासाठी वापरल्या. तसं असेल तर हाडं फिलुमेनाची नाहीतच.

वसईकर: किंवा गवंड्याला वाचता येत नव्हतं! अक्षरं आधी जमिनीवर रंगवायची, मग फरश्या उचलून चुन्यात बसवायच्या. पहिलीची जागा तिसरीला दिली, संपलं. यावरून मुलगीच गायब करता?

चुनखडी: हे शक्य आहे, मान्य. दोन्ही बाजू तितक्याच शक्य आहेत, हेच तर दुखणं.

मैसूर_पाक: १९६१ मध्ये पोपनं संतपद काढून घेतलं ना? मग मैसूरचं कॅथेड्रल कुणाच्या नावानं?

वसईकर: पुन्हा तेच फॉरवर्ड! काढला तो चर्चच्या स्थानिक पंचांगांतला सण, १८३७ मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरीनं परवानगी दिलेला. नाव आहे तिथंच आहे. कृष्णराज वडियारांनी १९३३ मध्ये पायाभरणी केली, कुणी पाटी उतरवली का?

कुतूहल: तिच्या नावानं रीतसर संतघोषणा कधी झालीच नाही, आणि रोमन हुतात्मावलीतही ती नव्हती. काढून घ्यायला होतं काय?

वसईकर: फ्रान्समधल्या आर्स गावच्या धर्मगुरूला, जॉन व्हियानीला सांगा हे, त्याच्याकडे ती आजाऱ्यांची वैद्य होती.

कुतूहल: व्हियानीची श्रद्धा त्याची. डायोक्लेशियनला बायको होती, प्रिस्का, आणि राजधानी निकोमेडियात, आताच्या तुर्कस्तानात. रोमला तो फारसा फिरकलाच नाही. हे तरी आधी जुळवा.

वसईकर: डायोक्लेशियन तुम्हाला बहाल! कुपीवर मी हललो नाही अजून.