मळ्याचा ग्रुप: खुडूक कोंबड्या आणि काकडीचे वेल

धनश्री: नमस्कार सगळ्यांना. दोन गावठी कोंबड्या खुडूक झाल्यात (अंडी उबवायला बसू बघतायत), खुराड्यातून उठवल्या तरी परत जाऊन बसतात. अंडी बसवू का, की ऊन वाढतंय म्हणून खुडूक मोडू? दुसरं म्हणजे काकडीच्या वेलांची पानं कडेनं करपलीत. आळ्यात कोंबड्यांची ताजी विष्ठा घातली आहे.

आत्या: बसव गं, पण चार दिवसांच्या आत. परवा रविवारी 1 मार्चला रात्री बसवलीस तर 22 ला रविवारी पिल्लं बाहेर. एप्रिलमध्ये बसवायची अंडीच टिकत नाहीत. साठवलेल्या जागी 27 अंशांच्या वर गेलं की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. वरून अंडं ताजंच दिसतं.

धनश्री: आत्या, फ्रीजमधली चालतील का?

आत्या: नको. आठ दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली घे. धुऊ नकोस, वरचा नैसर्गिक पातळ थर निघून जातो. मळलेली असतील तर बाजूलाच ठेव. रविवारपर्यंत माठाजवळच्या गार कोपऱ्यात, टोक खाली करून ठेवायची. आणि कळपात कोंबडा आहे ना? आठ-दहा कोंबड्यांमागे एक हवाच.

बापूकाका: एकेकीखाली 15 घाल. दोघी आहेत, एका दमात तीस पिल्लं.

आत्या: बापू, गावठीच्या पंखाखाली 15 मावत नाहीत. कडेची दोन-तीन पहाटे गार पडतात, दुसऱ्या दिवशी तीच फिरून मध्ये येतात आणि दुसरी कडेला जातात. असं करत निम्मी जातात. 11 पुरे. धनश्री, दोघींच्या मध्ये फळी लाव. नाहीतर दोघी एकाच पाटीत बसतात आणि दुसरी पाटी गार.

मोठी काकू: पाटीत तळाला राख, तिच्यावर वाळलेला कडुलिंबाचा पाला, मग भाताचा पेंढा. खुडूक कोंबडी दिवसभर हलत नाही, त्यामुळे पिसवा आणि उवा तिलाच जास्त लागतात. फार झाल्या तर ती अंडी सोडून उठते. पाटीजवळ अख्खी ज्वारी आणि पाणी ठेव. दिवसातून एकदा 15-20 मिनिटं उठेल, मोठी आणि घाण वासाची शीट टाकेल, ते ठीकच असतं. मुलांना सांग, ती उठलेली असताना पाटीशी जायचं नाही.

ओंकार: 8 तारखेला रात्री अंडी मोबाईलच्या टॉर्चवर बघायची का? सातवा दिवस होतो.

आत्या: हो. मूठ करून अंडं वरच्या भोकावर धर, खालून उजेड. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये ठिपका दिसला की जिवंत. सगळं स्वच्छ पिवळसर दिसलं तर ते फळलेलंच नाही. लालसर गोल कडं दिसलं तर मेलेलं. मेलेलं काढलं नाही तर उष्णतेनं कुजून फुटतं आणि बाकीच्यांना बाधतं. 15 ला परत एकदा बघायचं. 19 ला पाडवा आहे, तो अठरावा दिवस. तिथून पुढे हात लावायचा नाही. पिल्लू चोच वर करून बसत असतं.

दीपकदादा: काकडीचं मी बघतो. धनश्री, ती करपलेली कड खताची आहे. ताज्या विष्ठेत अमोनिया आणि क्षार दोन्ही असतात. आळ्यातली माती बोटानं दोन इंच खरवडून विष्ठेसकट काढ. आज आणि उद्या सकाळी सावकाश भरपूर पाणी दे, म्हणजे क्षार मुळाखाली जातील. मग वरची दोन इंच माती सुकेपर्यंत थांब. शेंड्याचं नवं पान हिरवं येतंय का एवढं बघ. येत असेल तर वेल वाचला. जुनी पानं काढू नकोस.

धनश्री: शेंडा हिरवा आहे. मग विष्ठेचं करायचं काय, रोज दोन पाट्या निघतात.

दीपकदादा: एक पाटी विष्ठेला दोन पाट्या उसाचं पाचट किंवा वाळका पाला, थरांवर थर. मूठ दाबली की एखादा थेंब यावा एवढाच ओलावा. चार फूट उंच ढीग केलास तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत हात घालवणार नाही इतका तापतो. दर दहा दिवसांनी उलटव. अडीच-तीन महिन्यांनी काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं की आळ्यात घाल. वास झोंबतोय म्हणजे तयार झालेलं नाही, पाचट वाढव.

वैशालीवहिनी: भेंडी टोकताना बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून घ्या. उन्हाळ्यात 30 बाय 15 सेंटिमीटरवर चालते. परभणी क्रांती हे वाण घेतलं तर हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) कमी येतो, पण तो पसरवणारी पांढरी माशी आधीपासून बघायला लागतेच. धनश्री, काकडीला पहिली फुलं गळली म्हणून घाबरू नकोस, ती नर असतात. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते. आणि पाणी एक दिवस तोडून एक दिवस भरपूर, असं देऊ नकोस, काकडी कडू होते. आळ्यात तीन इंच पाचट पसर.

बापूकाका: कोंबड्या वेलात सोडायच्या की नाही? फळमाशीला चांगल्या असं म्हणतात.

दीपकदादा: काका, आत्ता नको. पायानं उकरून कोवळी मुळं उघडी पाडतात. वेल मांडवावर चढले आणि खालचा बुंधा बोटाएवढा झाला की संध्याकाळी तासभर सोडा. फळमाशीचे कोष मातीत वरच्या दोन-तीन इंचांत असतात, ते टिपतात. गळलेली किडकी काकडी त्याच दिवशी त्यांना घाला, पडून राहिली तर आतली अळी मातीत उतरते. फवारणी झालेली असेल तर मात्र अजिबात सोडू नका.

धनश्री: अंडी हल्ली पातळ कवचाची येतायत.

मोठी काकू: उन्हामुळे. कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, त्यात कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, तोही संध्याकाळी, कारण कवच रात्री बनतं. खाद्य सकाळी साडेसहाच्या आत आणि ऊन उतरल्यावर. दुपारी खाल्लेलं पचवताना अंग आणखी तापतं. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दोनदा बदलून. अंड्यांना हात लावला की मुलांनी साबणानं हात धुवायचे, हे रोजचं.

आत्या: पिल्लं निघाल्यावर मोठ्यांचं खाद्य घालू नका. त्यात चुनखडी जास्त असते, पिल्लांचे मूत्रपिंड खराब होतात. पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, स्टार्टर, आणा. नुसत्या तांदळाच्या कणीवर पंख लोंबायला लागतात. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, म्हणजे बुडणार नाहीत. भुसा ओला झाला की त्याच दिवशी बदला, रक्ती हगवण तिथूनच येते.

ओंकार: लशीचं वेळापत्रक पिन करतो. 29 मार्चला लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात एक थेंब. 5 एप्रिलला गंबोरो रोगाची. 19 एप्रिलला लासोटाचा दुसरा डोस. मेच्या पहिल्या आठवड्यात देवीची.

आत्या: 29 ला रविवार आहे, दवाखाना बंद असेल. शनिवारीच थर्मासमध्ये बर्फ घालून आण आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, बर्फाच्या कप्प्यात नको. लस सोबतच्या द्रावणात मिसळल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली परत ठेवायची नाही.

ओंकार: कुपी 100 मात्रांचीच मिळते. आपली फार तर वीस पिल्लं होतील.

धनश्री: शेजारच्या दोन्ही मळ्यांत विचारते. त्यांची पिल्लं त्याच आठवड्यातली असतील तर 29 ला संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांनी आपल्याकडेच आणायची.