मदत हवी आहे: कोकम आगळासाठी भरवशाचा इन्फ्लुएन्सर कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचा घरगुती उद्योग आहे. आई आणि मी आगळ, आमसुलं आणि अमृत कोकम करतो.

गेल्या वर्षी पावणेदोन लाख फॉलोअर्स असलेल्या एका रीलवालीला १२ हजार दिले. तिने आगळ थंड सोड्यात ओतलं, ग्लास नुसता ओठांना लावला आणि म्हणाली, "एकदम गोड!" आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. साखर कणभरही नसते. गोड असतं ते अमृत कोकम. अकरा ऑर्डरी आल्या, त्यातल्या सहा जणांचे फोन आले: खारट लागतंय, खराब झालंय का? आईने प्रत्येकाला समजावलं, पैसे परत केले. तिला ते फार लागलं.

नंतर त्या रीलखालच्या कमेंट्स नीट वाचल्या. तेच ते पंधरा-वीस जण "सुपर", "मस्त" लिहीत होते. सोलकढीला किती चमचे घालायचं, हे एकानेही विचारलं नव्हतं.

यंदा दोघींशी बोलणं चाललंय. एकीचे तीन लाख फॉलोअर्स, मागणी ३५ हजार. 'जाहिरात' असं लिहिणार नाही म्हणते, रीच पडतो म्हणे, म्हणजे रील कमी लोकांपर्यंत पोहोचते. वर "पित्त कायमचं जातं" असं बोलायचंय तिला. मी साफ नाही म्हटलं. ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे पैसे घेतले काय किंवा फुकट माल घेतला काय, तसं स्पष्ट सांगावंच लागतं. आणि औषध असल्यासारखा दावा करून मला माल विकायचाच नाही.

दुसऱ्या आहेत ठाण्याच्या एक ताई, नऊ हजार फॉलोअर्स, मालवणी जेवण करतात. मासे कसे साफ करायचे इथपासून प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतात. म्हणाल्या, "आधी बाटली पाठवा. आठवडाभर वापरते. नाही आवडलं तर व्हिडिओ करणार नाही." माझं मन इथेच आहे, पण भाऊ म्हणतो नऊ हजारांत काय होणार?

अनुभवी लोकांनी सांगावं. इनसाइट्समध्ये, म्हणजे त्यांच्या अकाउंटच्या आकडेवारीत, नेमकं काय बघायचं? मला बघणाऱ्यांची शहरं आणि किती जणांनी व्हिडिओ सेव्ह केला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आमचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. स्क्रीनशॉटऐवजी व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवा म्हटलं तर त्यांना अपमान वाटेल का? आणि वस्तूची माहिती चुकू नये म्हणून आधी व्हिडिओ बघायला मागायचा, पण मत त्यांचंच राहू द्यायचं, हे करारात कसं लिहिता तुम्ही?

ताईंची बाटली सोमवारी कुरिअरने पाठवतेय. त्याआधी कळलं तर फार बरं होईल.