मंडू फुटतात आणि चाळणीला चिकटतात, काय चुकतंय?

सावद्याची सून:
लेक कोरियन मालिका बघते, म्हणून गेल्या रविवारी पहिल्यांदाच मंडू, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून करायचा कोरियन पदार्थ, केले. मैदा थंड पाण्यात भिजवला. सारणात कोबी, गाजर, कांद्याची पात, पनीर. फुणके वाफवायची चाळणी तेल लावून पातेल्यावर ठेवली. 24 केले, त्यातले 9 फुटले. उरलेले काढताना बुडाची पारी चाळणीलाच राहिली. लेकीने काही न बोलता सगळे खाल्ले, पण मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी तिची मैत्रीण येणार आहे. मैदा गरम पाण्यात भिजवायचा का? आणि आम्ही शाकाहारी, तर पनीरच बरं की टोफू?

भुसावळ_रेल्वे_कॉलनी:
ताई, पारीच्या आधी सारण बघा. कोबीचं पाणी काढलं होतं का? पाव किलो कोबी बारीक चिरा, पाऊण चमचा मीठ चोळून 20 मिनिटं ठेवा आणि पंचात घट्ट पिळा. वाटीभर पाणी निघालं तरी घाबरू नका. भरताची वांगी भाजल्यावर आपण निथळत ठेवतो ना, तसंच हे. ते पाणी आत राहिलं की पारी आतून भिजते आणि वाफेत फुटते. सारणात परत मीठ घालताना हात आखडता ठेवा.

टोफूच घ्या. कोरियात मंडूत पनीर नाही, बहुधा टोफू घालतात. तोही पंचात पिळून हाताने कुस्करायचा. मुगाचे लांब मोड उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, चिरून घाला, तेही तिकडचंच आहे. तिकडे रताळ्याच्या स्टार्चच्या शेवया घालतात. त्या नाही मिळाल्या तर सोडून द्या.

मैदा मात्र उकळत्या पाण्यात. 2 वाट्या मैद्याला साधारण पाऊण वाटी, लागेल तसं घाला. आधी चमच्याने कालवा, कोमट झाला की मळा आणि झाकून अर्धा तास ठेवा. गरम पाण्याने पारी मऊ होते, लाटताना मागे ओढत नाही. पाण्यात उकडायचे मंडू असतील तर थंड पाण्याचंच पीठ चांगलं, ते चिवट राहतं.

रावेरची लेक:
चिकटण्यावर उपाय तुमच्या मळ्यातच असेल. केळीचं पान विस्तवावर जरा फिरवून मऊ करा, चाळणीवर अंथरा, वर मंडू. एकमेकांना लागू देऊ नका. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पारीवर पडतात. 8 ते 10 मिनिटं पुरे.

पाहुणा_धुळे:
हे मोमोच ना?

भुसावळ_रेल्वे_कॉलनी:
जवळचे नातलग म्हणा. मंडूच्या सारणात बऱ्याचदा टोफू असतो, कधी किमचीही, म्हणजे तिखट मसाल्यात आंबवलेला कोबी. नव्या वर्षाला, सोल्लालला, तांदळाच्या चकत्यांच्या सूपमध्येही मंडू घालतात, कोरियाच्या उत्तरेकडची ती पद्धत. ताई, विकतची किमची घेणार असाल तर डबा नीट वाचा, तिच्यात बहुतेक वेळा मासळी असते.

सावद्याची सून:
आज केले! कोबी पिळल्यावर खरंच वाटीभर पाणी निघालं. पीठ मळून लगेच लाटायला बसले तर सासूबाईंनी लाटणं काढून घेतलं. "काहाले घाई करते व माय, मुरू दे तिले." खापरावर मांडे करणारा हात त्यांचा, मी ऐकलं. अर्ध्या तासाने त्यांनीच पाऱ्या लाटल्या, कडा पातळ आणि मध्ये जरा जाड. एका पारीत एकच चमचा सारण, कडेला पाण्याचं बोट, आतली हवा दाबून काढली आणि दोन्ही टोकं जोडून गोल केले. 30 पैकी एकही फुटला नाही.

10 तव्यावर केले. तेलात बूड लाल झालं की 4 चमचे पाणी टाकून झाकण ठेवलं, पाणी आटल्यावर झाकण काढून पुन्हा कुरकुरीत केलं. सोबत सोया सॉस, त्याच्या निम्मं व्हिनेगर आणि बी काढलेली ब्याडगी मिरची भरड कुटून. आपली तिखट मिरची घातली असती तर बाकी काही लागलंच नसतं.

मैत्रीण रविवारी येतेय. सासूबाईंनी केळीची पानं आत्ताच सांगून ठेवलीत.