मदत हवी आहे: वाङ्मय मंडळाच्या ऑनलाइन बैठका आणि २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम

करवंद:

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा वाङ्मय मंडळाचं कार्यवाहपद माझ्याकडे आलंय. मंडळात ४६ जण आहेत. मराठी भाषा गौरव दिनाचा, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा कार्यक्रम आम्ही दरवर्षी करतो. यंदा तो ऑनलाइन घ्यायचं ठरलंय आणि हातात पाच आठवडे आहेत.

ऑनलाइनच का, हे आधीच सांगते. आमचे तास सकाळी असतात. दीडची एसटी चुकली की पुढची थेट साडेचारची, आणि ती सगळ्या वाड्यांना जात नाही. त्यामुळे शेवटचा तास सुटला की अर्धं मंडळ स्टँडकडे पळतं. काही मुलं दुपारनंतर दुकानात किंवा पेट्रोल पंपावर कामाला असतात. तासांनंतर बैठक ठेवली की सात-आठ जण थांबतात, तेही गावातलेच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या आधीच्या मुलांनी ऑनलाइन बैठका सुरू केल्या आणि कॉलेज उघडल्यावरही त्या बंद केल्या नाहीत. भित्तिपत्रकाचा विषय काय घ्यायचा, पाहुणे कोण बोलवायचे, यात वाड्यावस्त्यांवरची पोरं तेव्हा पहिल्यांदा बोलायला लागली होती. शिवाय आमच्याकडची निम्मी घरं मुंबईत. कुणाचे वडील माथाडी आहेत, कुणाचा भाऊ टेम्पो चालवतो. जुने सदस्य घाटकोपरहून, कोपरखैरण्याहून जोडले जातात. हे सगळं सोडून पुन्हा 'जे थांबतील त्यांचं मंडळ' करायला माझं मन घेत नाही.

आता अडचणी.

आमच्यातली एक मुलगी कोयना जलाशयाच्या बाजूच्या गावातली आहे. तिच्या घरात रेंज येत नाही. ती देवळामागच्या चढावर एका सपाट दगडावर जाऊन बसते, तिथे दोन काड्या येतात. वारा फार असतो म्हणून फोनचं तोंड ओढणीत धरून बोलते. तिच्या कविता मंडळात सगळ्यात चांगल्या आहेत, हे मी मैत्रीण म्हणून म्हणत नाहीये. पण अंधार पडला की तिला तिथे बसता येत नाही, त्या बाजूला गवे उतरतात. म्हणजे तिच्यासाठी साडेसहाच्या आत.

उलट किमान नऊ-दहा मुलींकडे स्वतःचा फोन नाही. वडील किंवा भाऊ कामावरून आले की फोन हातात येतो, म्हणजे आठनंतर. तोही जेवणं होईपर्यंत. मध्येच कुणाचा फोन आला की बैठक तुटते.

साडेसहाच्या आत आणि आठनंतर, या दोन्ही वेळा एकाच कार्यक्रमात कशा बसवायच्या? मी वहीत सतरा वेळा मांडून पाहिलंय.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. डिसेंबरमध्ये आम्ही ऑनलाइन काव्यवाचन ठेवलं होतं. जास्त लोक यावेत म्हणून लिंक सगळ्यांनी स्टेटसला लावली. पहिल्या वर्षाची एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची कविता वाचत होती. दुसऱ्या कडव्याला तीन-चार अनोळखी नावं आत आली आणि घाणेरडे आवाज, शिव्या सुरू झाल्या. मी होस्ट होते. कुणाला काढायचं ते शोधण्यात माझं जवळजवळ एक मिनिट गेलं. तोवर ती निघून गेली होती. कॉलेजात दिसते, हसते, पण मंडळाचा विषय काढला की 'ताई, नको' म्हणते. लिंक उघड लावायची परवानगी मीच दिली होती.

पैसे नाहीत. मंडळाला मिळणारी रक्कम भित्तिपत्रक, हार आणि पाहुण्यांच्या प्रवासात संपते. एक लॅपटॉप आहे, तो विभागाचा. बाकी सगळे मोबाइल.

कुणी असं काही चालवलं असेल तर कृपया अगदी बारीकसारीक सांगा. कोणतं बटण कुठे, इथपर्यंत सांगितलंत तरी चालेल.

---

कृष्णाकाठ:

पुण्यात विद्यार्थ्यांचा अभ्यासगट तीन वर्षं चालवला, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी दाराचं बघा. वाचणारे आणि ऐकणारे एकाच खोलीत ठेवू नका. झूमवर फक्त वाचणारे, सूत्रसंचालक आणि तांत्रिक बाजू बघणारे, मिळून १५-२० जण घ्या. बाकी सगळ्यांना यूट्यूब लाइव्हची लिंक द्या. ती लिंक खुशाल स्टेटसला लावा, कारण तिथून कुणी आत येऊन ओरडू शकत नाही. चॅट बंद ठेवा.

झूमच्या फुकट खात्यातून थेट यूट्यूबला जोडता येत नाही. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ टाका, ते मोफत आहे. झूमची खिडकी आणि लॅपटॉपचा आवाज त्यातून यूट्यूबला पाठवता येतो. चॅनेलवर लाइव्ह पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा हे काम आजच उरका. थेट मोबाइलवरून लाइव्ह करायचं तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपवरून ती अट नाही.

झूममध्ये वेटिंग रूम चालू ठेवा, म्हणजे होस्टने घेतल्याशिवाय कुणी आत येत नाही, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे, आणि 'स्वतःला अनम्यूट करू द्या' हा पर्याय काढून टाका. सगळे आत आले की मीटिंग लॉक करा. फुकट खात्यात ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, म्हणून कार्यक्रमाचे ३५-३५ मिनिटांचे भाग पाडा आणि मध्ये पाच मिनिटं मंडळाच्या भित्तिपत्रकाचे फोटो दाखवा. कॉलेजला गूगलचं शैक्षणिक खातं असेल तर मीटवर वेळेचा प्रश्न येत नाही, १०० जणही बसतात. साध्या जीमेलवर मीट ६० मिनिटांचं.

सगळ्यात महत्त्वाचं. होस्टने सूत्रसंचालन करायचं नाही, कविता वाचायची नाही, काहीच करायचं नाही. फक्त दारावर बसायचं. तुमचं ते एक मिनिट गेलं कारण तुमच्याकडे दोन कामं होती. तुमच्या निष्काळजीपणामुळे नव्हे.

---

पायवाट:

वेळेचा पेच तुम्ही 'सगळं थेट झालं पाहिजे' असं धरल्यामुळे पडलाय. ते सोडून द्या.

दगडावरच्या मुलीला उजेड असताना कविता व्हॉइस नोटवर म्हणायला सांगा. पाच मिनिटांची नोट साधारण एक एमबीच्या आसपास जाते. दोन काड्यांवरही हळूहळू पोचते, आणि रेंज गेली तरी फोन ती पुन्हा पाठवू शकतो. कार्यक्रमात ती नोट लावा, सोबत तिचं नाव आणि तिने काढलेला गावाचा फोटो पडद्यावर. घरात साधा फोन लागतो का, तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी नेट नसतं, पण बोलणं होतं. तसं असेल तर कार्यक्रमाच्या वेळी तिला सरळ फोन लावायचा, तो स्पीकरवर टाकून लॅपटॉपच्या माइकजवळ धरायचा. आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा येतो, पण येतो. आम्ही एका गावातल्या आजींच्या ओव्या अशाच ऐकवल्या होत्या. श्रोत्यांनी त्याच सगळ्यात शांतपणे ऐकल्या.

ऐकणाऱ्यांना यूट्यूब १४४पी वर, म्हणजे सगळ्यात कमी डेटा खाणाऱ्या चित्रावर, ठेवायला सांगा. ज्यांचा रोजचा दीड जीबी घरातले चौघं वापरतात, त्यांच्यासाठी ते फार मोलाचं असतं.

साप्ताहिक बैठकांनाही हेच. विषय दोन दिवस आधी ग्रुपवर टाका, प्रत्येकाने आपलं मत व्हॉइस नोटवर द्यायचं, आणि थेट बैठक फक्त निर्णयापुरती अर्ध्या तासाची. इतिवृत्तात नोटवरची मतंही नावानिशी लिहा. नाहीतर 'हजर नव्हती' एवढंच वहीत राहतं.

---

तानपुरा:

गाणं असेल तर एकच सांगतो. झूम गोंगाट कमी करायच्या नादात पेटीचा स्वर आणि तबला खाऊन टाकतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. आणि दोघांनी दोन ठिकाणांहून एकत्र गायचा प्रयत्न करू नका, आवाज मागेपुढे होतोच. महाराष्ट्रगीत म्हणायचं असेल तर एकाच खोलीतल्यांनी म्हणावं, बाकीच्यांनी म्यूट ठेवून.

---

जुनी वही:

करवंद, मी निवृत्त शिक्षिका आहे. तंत्रातलं मला कळत नाही, पण त्या पहिल्या वर्षाच्या मुलीबद्दल लिहिते.

तिला कार्यक्रमात आणण्यासाठी म्हणून जाऊ नकोस. नुसती जा. डिसेंबरात जे झालं ते तिच्या कवितेमुळे झालं असं तिच्या मनात बसलं असण्याची शक्यता फार असते. तू इथे जे लिहिलंस, की लिंक उघडी ठेवायला तूच परवानगी दिलीस, ते तिला सांगितलंयस का? ते तिने तुझ्या तोंडून ऐकायला हवं. मग ती तयार असेल तरच तक्रारीचं बोल. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्याकडे जाता येतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे काही प्रकारच्या तक्रारी नाव न देताही करता येतात. त्या दिवशीच्या नावांचे स्क्रीनशॉट कुणाकडे असतील तर पुसू नका.

अजून एक. यूट्यूबवर कार्यक्रम कायमचा ठेवायचा की नाही, हे प्रत्येक मुलीला वेगळं विचार. काहींच्या घरी नुसता आवाज चालतो, चेहरा चालत नाही. त्यांना कॅमेऱ्याचा आग्रह नको. ज्यांच्याकडे वडिलांचा फोन असतो, त्या वडिलांना तुमच्या मॅडमनी आधी एक फोन करावा आणि पोरगी काय वाचणार आहे ते सांगावं. आमच्या वेळी स्नेहसंमेलनाला आम्ही हेच करायचो. निम्मे वडील स्वतःच ऐकायला बसतात.

---

करवंद:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण एकेक करून बघत होते.

पायवाट, साध्या फोनचं मला सुचलंच नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, 'घरात चुलीपाशी नाही लागत, पण गोठ्याच्या दाराशी लागतो.' काल संध्याकाळी सात वाजता लावून पाहिला. मधूनच म्हैस ओरडत होती, पण शब्द सगळे कळले. तिने आठ ओळी म्हटल्या आणि स्वतःच थांबून विचारलं, 'पोचतंय का गं?' लॅपटॉपसमोर आम्ही तिघी होतो, तिघीही एकदम 'हो' म्हणालो. तिची व्हॉइस नोटसुद्धा घेऊन ठेवणार आहे, ऐनवेळी लाइन नाही लागली तर.

ओबीएस टाकलंय. पहिल्यांदा झूमचा आवाज यूट्यूबला जातच नव्हता. ओबीएसमधली डेस्कटॉप ऑडिओची रेघ हलते का ते बघायचं असतं, हे दीड तासाने कळलं. झूमचा आवाज हेडफोनला जात होता आणि ओबीएस स्पीकरचा ऐकत होतं. दोन्हीकडे एकच ठेवल्यावर जमलं. कुणाला पुढे लागेल म्हणून लिहून ठेवतेय.

कार्यक्रम साडेआठला, ३५-३५ मिनिटांचे दोन भाग. दारावर बी.कॉम.चा एक मुलगा बसणार आहे. त्याला सांगितलंय की तू फक्त नावं बघायची, यादीत नाही तो आत नाही. मॅडमनी पाच घरी फोन केले. कॉलेजच्या खात्याचं विचारलंय, अजून उत्तर नाही, म्हणून झूम धरूनच चाललोय.

जुनी वही बाई, मी काल तिच्याकडे गेले होते. स्टँडवर एसटीची वाट बघत बसली होती. तुम्ही म्हणालात ते सगळं सांगितलं, लिंकचंही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, त्या दिवशी तिच्या आजीने कविता ऐकायला दुपारपासून फोनचं चार्जिंग राखून ठेवलं होतं, आणि पुढचं कडवं आजीवरच होतं. तक्रारीचं तिने 'बघू' म्हटलंय. कार्यक्रमाचं मी विचारलं नाही.

एसटी आली तेव्हा पायरीवर चढता चढता तिनेच विचारलं, नाव न सांगता नुसता आवाज लावता येतो का. येतो, म्हटलं.

आता एक शेवटचा प्रश्न. अशी निनावी नोट लावताना पडद्यावर काय दाखवावं? नुसता काळा पडदा मला बरा वाटत नाही, आणि तिचा अंदाज येईल असं काहीही नको आहे.