गावात अपघात टाळण्याचे काम कोठून सुरू करावे?

येरळाकाठ (तासगाव तालुका, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात गेल्या वर्षभरात तीन गंभीर अपघात झाले. एका महिलेचा हात कडबाकुट्टी यंत्रात सापडला, शेततळ्यात पडलेला एक मुलगा थोडक्यात वाचला आणि रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून एका तरुणाचा पाय कायमचा अधू झाला. ग्रामसभेत यावर बराच वेळ चर्चा झाली. तरुण मंडळ आणि महिला बचत गट काम करायला तयार आहेत आणि ग्रामपंचायत थोडा निधी देण्यास अनुकूल आहे. मात्र आतापर्यंतच्या सूचना रस्ता सुरक्षा अभियानात फेरी काढावी, फलक लावावेत, शाळेत व्याख्यान ठेवावे एवढ्यावरच थांबल्या आहेत. ही कामे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी त्या महिलेचा हात वाचला असता असे मला वाटत नाही. कोणते काम आधी घ्यावे, कोणाला बरोबर घ्यावे आणि आपल्या कामाचा उपयोग होतो आहे हे कसे ओळखावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आरोग्यसेवक (निवृत्त), सातारा

आपली शंका रास्त आहे. व्याख्यान ऐकून माणूस दोन दिवस जपून वागतो; यंत्र, रस्ता आणि शेततळे मात्र आहेत तसेच राहतात. म्हणून पहिले काम नोंदवहीचे करावे, असे मी सुचवीन. गावात कोणाला, केव्हा, कोठे, काय करत असताना आणि कशामुळे इजा झाली, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. नावे लिहिण्याची गरज नाही. आशाताई, पोलीस पाटील, गावातील खाजगी डॉक्टर आणि उपकेंद्र यांच्याकडून महिन्यातून एकदा माहिती गोळा केली तरी पुरे. मोठे अपघात सर्वांच्या लक्षात राहतात, पण भाजणे, विहिरीच्या कठड्यावरून घसरणे, म्हाताऱ्या माणसांचे न्हाणीत पडणे यांची आठवण कोणी ठेवत नाही आणि त्यांचा एकत्रित भार मोठा असतो.

या पद्धतीला जुना आधार आहे. स्वीडनमधील फालशोपिंग या लहान नगरपालिकेने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमके असेच काम हाती घेतले. दवाखान्यांतून दुखापतींची नोंद घेतली, शाळा, कारखाने आणि शेतकरी संघटना यांना एकत्र बसवले आणि जेथे इजा होते तेथे बदल केले. सुमारे तीन वर्षांत घरातील, कामावरील आणि रस्त्यावरील दुखापती जवळपास एक चतुर्थांशाने कमी झाल्या. पुढे कामातील सातत्य गेल्यावर आकडे पुन्हा वाढले, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘सुरक्षित समुदाय’ ही कल्पना अशाच कामांतून पुढे आली आणि 1989 मध्ये स्टॉकहोम येथे तिचा जाहीरनामा मांडला गेला.

वाळवा तालुक्यातील एक फॅब्रिकेशनवाला

नोंदवहीला माझा विरोध नाही, परंतु कुट्टी यंत्राबद्दल वाट पाहण्याचे कारण नाही. हात सापडतो तो बहुधा शेवटची मूठभर वैरण आत रेटताना. संध्याकाळी, कमी उजेडात, घाईत काम चाललेले असते, हात वैरण आत ओढणाऱ्या रोलरपर्यंत जातो आणि रोलरने तो एकदा धरला की मोटार बंद करेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. यावरचे उपाय कोणत्याही वर्कशॉपमध्ये होण्यासारखे आहेत. वैरण सारायची पन्हाळी लांब करून तिचा रोलरकडचा भाग वरून झाकावा, म्हणजे हात तेथपर्यंत पोहोचतच नाही. पात्यांवर आणि पट्ट्यावर जाळीचे आवरण बसवावे. काम नसताना चाक खिळीने अडकवून ठेवावे, म्हणजे खेळताना मुले ते फिरवू शकत नाहीत. स्विच वैरण सारणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर असावा. पाठीमागच्या भिंतीवर असून उपयोग नाही. यंत्राला उलट फिरवण्याचा गिअर असेल, तर तो घरातील प्रत्येकाला वापरता आला पाहिजे. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी हरियाणातील खेड्यांमध्ये जाऊन अशा दुखापतींचा अभ्यास केला होता आणि रोलरच्या अलीकडे हाताला आधीच इशारा देणारा एक साधा रूळ, पात्यांचे आवरण आणि चाकाची खिळी असे स्वस्त बदल सुचवले होते. आपल्या बचत गटाने गावातील यंत्रांची यादी करून एका कारागिराला एकत्र काम दिले, तर प्रत्येक घराचा खर्च बराच कमी होईल.

आता ट्रॉलीविषयी. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो किंवा असला तरी बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्याखाली झाकला जातो. टायर फुटून ती वळणावर उभी राहिली, तर मागून येणाऱ्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. शिवाय चाकाला उटी म्हणून लावलेले दगड ट्रॉली निघून गेल्यावर रस्त्यातच पडून राहतात आणि त्यांच्यावरूनही दुचाकी घसरतात. चालकाला दोष देऊन हे सुटत नाही, कारण तो झोपेविना खेपा करत असतो. खरी चावी कारखान्याकडे आहे. हंगामापूर्वी वाहतूकदारांशी करार होतात तेव्हाच परावर्तक पट्टी, मागचा लाल त्रिकोण आणि लाकडी उटी यांची अट घालावी आणि वजनकाट्यावर ती तपासावी. ग्रामसभेने तसा ठराव करून कारखान्याच्या शेती विभागाकडे हंगामाच्या आधीच पाठवावा; गाळप सुरू झाल्यावर कोणालाही बोलायला वेळ नसतो.

अंगणवाडीताई, जत

वरील दोन्ही उत्तरे मनापासून पटली, पण लहान मुलांबद्दल वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांना कितीही समजावले तरी धोका कळण्याचे वय नसते. आमच्याकडे द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांसाठी शेततळी झाली, हे चांगलेच झाले. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावर शेवाळ धरले की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. वाचवायला उतरलेला माणूसही त्यामुळेच बुडतो. चारही बाजूंना कुंपण आणि कुलूप लागणारे फाटक हा पहिला उपाय. त्याच्या जोडीला प्रत्येक बाजूला काठावर पक्का बांधलेला गाठींचा दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा आणि जवळच हवा भरलेली ट्यूब टांगलेली असावी. हा खर्च कागदाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

दुसरे असे की, दिवसा मुलाकडे पाहणारे माणूस असले तर बरेच अपघात होतच नाहीत. बांगलादेशातील खेड्यांमध्ये बुडण्याच्या घटना आई कामात असते त्या सकाळच्या वेळेत जास्त होतात, असे दिसल्यावर तेथे गावातच पाळणाघरे सुरू करण्यात आली. प्रशिक्षित ताई त्या वेळेत मुलांना सांभाळतात आणि त्याने बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. आपल्या भागात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुले कोपीजवळ (तात्पुरत्या झोपडीजवळ) किंवा थेट फडात असतात. आई पहाटेच कोयता घेऊन गेलेली असते. आपल्या समितीने गावच्या मुलांइतकाच त्यांचाही विचार करावा आणि टोळी उतरल्याच्या दिवसापासून ती मुले अंगणवाडीत येतील असे पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

येरळाकाठ

आपणा सर्वांचे आभार. यंत्रांची यादी आणि कारखान्यासाठीचा ठराव हे दोन विषय पुढच्या ग्रामसभेत घेत आहे. आणखी दोन शंका आहेत. त्या रात्री जखमी तरुणाला उचलायला लोक पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे आले नाहीत. याबाबत काय सांगावे? आणि वर्षअखेरीस आपल्या कामाचे फळ कसे मोजावे?

आरोग्यसेवक (निवृत्त), सातारा

भीतीचे कारण आता कायद्याने उरलेले नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134 अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती ठाण्याच्या अधिकाऱ्यांनीच ग्रामसभेत येऊन सांगितली, तर तिचे वजन पडेल. त्याबरोबर 108 क्रमांकावर ठिकाण नेमके कसे सांगायचे, वाहता रक्तस्राव कापडाने दाबून कसा थांबवायचा आणि मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर जखमीला ओढून का उचलू नये, एवढे तरी रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांना आणि पंक्चरवाल्यांना शिकवावे, कारण अपघातस्थळी सर्वांत आधी तेच पोहोचतात.

मोजण्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. एका गावात वर्षाला गंभीर अपघात मोजकेच होतात. ते चारावरून दोनवर आले किंवा चारावरून सहावर गेले, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय नोंदवही सुरू केल्यावर पहिल्या वर्षी दुखापती वाढल्यासारख्या दिसतील, कारण पूर्वी त्या कोणी लिहीतच नव्हते; तेव्हा ग्रामसभेला हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर काम फसले असे म्हणून ते बंद पडेल. त्याऐवजी किती कुट्टी यंत्रांवर आवरण बसले, किती शेततळ्यांना कुंपण आणि दोर आहेत, संध्याकाळी सातनंतर चौकातून गेलेल्या ट्रॉल्यांपैकी किती ट्रॉल्यांची मागची पट्टी दिसत होती, हे तरुण मंडळाने महिन्यातून एकदा उभे राहून मोजावे. हा आकडा महिन्याच्या महिन्याला बदलताना दिसतो आणि तो कोणाला वाढवून सांगता येत नाही.