मदत हवी आहे : हर्णैला मुलांना घेऊन जातोय, दिवसभर करायचं काय?

घोडबंदरवाली
हर्णैला घर घेतलंय भाड्याने, आम्ही सहा जण. किनाऱ्यावर तास दोन तास ठीक आहे पण बाकी दिवसभर काय, गाव अगदी शांत आहे म्हणतात, पोरं आतापासून डोकं खातायत आणि नवरा म्हणतो समुद्र आहे की. कोणी राहून आलंय का? लवकर सांगा, प्लॅन आजच करायचाय.

ऐरोलीकर
पोरं केवढी? गाडी आहे का? कधी जाताय?

समुद्रवेडा_ठाणे
बाकी काही करा न करा, संध्याकाळी चारनंतर बंदरावरचा लिलाव चुकवू नका!! बोटी बाहेर नांगरतात, मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते, वाळूतच ढीग लावून बोली सुरू. सुरमई, पापलेट, कोळंबी, पोरं बघतच राहतील. सकाळी बोटीने सुवर्णदुर्ग, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय. आत सावली कमी म्हणून दहाच्या आत परत या. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला नंतर बघता येतात.

कोकणरेल्वेप्रेमी
गाडी अजिबात नेऊ नका, मांडवी एक्सप्रेस ठाण्यालाच थांबते, खेडला उतरा, तिथून दापोलीमार्गे हर्णै. हायवेला पोरं उलट्या करतात.

समुद्रवेडा_ठाणे
आणि सहा जणांचं सामान घेऊन खेडहून एसटीने? गाडीच बरी, माणगावहून मंडणगडकडे वळा.

कोकणरेल्वेप्रेमी
खेडला रिक्षा, टॅक्सी सगळं मिळतं दादा. मी कायम असाच जातो.

उलवेची_मावशी
एवढ्या लांब कशाला ग, ऐरोलीला जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो दाखव पोरांना, अर्ध्या दिवसात घरी.

ऐरोलीकर
मावशी, त्यांचं घर बुक झालंय हर्णैला. ताई, तारीख सांगा ना.

वाशीचा_भटक्या
वेळासला कासवं बघा, आंजर्ल्यालाही असतात, पिल्लं समुद्रात सोडतात.

ऐरोलीकर
तो सीझन साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. सुट्टीत गेल्या तर रिकामा किनारा दिसेल, उगाच पोरांना आशा लावू नका.

घोडबंदरवाली
सॉरी, कामात होते. ३ जूनला निघतोय, शाळा सुरू व्हायच्या आत. गाडी आहे. मोठा बारा वर्षांचा, धाकटी सहा. सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. लिलाव आणि सुवर्णदुर्ग नक्की केलं, थँक्यू!

बेलापूरचा_नाखवा
थांबा ताई. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीच्या पैदाशीचा काळ असतो आणि समुद्रही खवळतो. बोटी वर ओढून ठेवलेल्या असणार, मग लिलाव कुठला. सुवर्णदुर्गला न्यायलाही त्या दिवसांत कोणी तयार होणार नाही, आणि झालाच तरी पोरांना घेऊन बसू नका. पाण्यात पोहायलाही सोडू नका त्यांना.

पण जून म्हणजे सगळं संपलं असं नाही. बोटी शाकारायचं आणि जाळी विणायचं काम बघायला मिळेल, नीट विचारलं तर माणसं दाखवतात, तुमचा मोठा रमेल त्यात. बिनइंजिनच्या छोट्या होड्यांना बंदी नाही, आंजर्ल्याच्या खाडीत कोणी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकताना दिसला तर उभे राहा. आणि मेमध्येच गेलात तर आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, सुकी मासळीही भरून आणा, सोडे, सुकट, सुके बोंबील. जूनमध्ये पाऊस लागला की वाळवण होत नाही.

उलवेची_मावशी
सोडे घेताना रंग बघ ग, फार लालभडक नको. आणि हाताला ओलसर लागले तर घेऊच नको, आठवड्यात बुरशी धरते. किलोला किती घेतात हल्ली तिकडे?

वाशीचा_भटक्या
आसूदचं केशवराज मंदिर, सुपारीच्या वाडीतून वाट, उन्हातही गारवा.

ऐरोलीकर
आणि चढायच्या पायऱ्या सासूबाईंनी? त्यांना आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला न्या, गाडी वरपर्यंत जाते आणि तिथून सुवर्णदुर्ग दिसतो. केशवराजला बाकीचे जा.

घोडबंदरवाली
बंदीचं माहीतच नव्हतं. घरमालकांशी बोलले, २० मेपासून जागा आहे पण सीझन म्हणून भाडं जास्त मागतायत. फक्त लिलाव आणि किल्ल्यासाठी तारीख बदलू का?

समुद्रवेडा_ठाणे
बदला!! शिवाय मेमध्ये हापूस, करवंदं, फणस.

बेलापूरचा_नाखवा
बदला, पण २० च्या पुढे फार ढकलू नका, मेअखेरीस वारं फिरलं की प्रवासी बोटी लवकर बंद करतात. जाण्याआधी तिथी बघा, तिथीला तीनने गुणून चारने भागा, तेवढ्या वाजता साधारण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनची भरती, नऊची ओहोटी. सकाळची ओहोटी मिळाली तर धाकटीला खडकांच्या बाजूला न्या, डबक्यांत खेकडे, शंख, छोटे मासे अडकलेले असतात, पायात चप्पल हवी.

घोडबंदरवाली
हे भारी आहे काका. सासूबाईपण हो म्हणाल्या, आज मालकांना कळवते.

कोकणरेल्वेप्रेमी
मग मेचं मांडवीचं वेटिंग आत्ताच बघून ठेवा.