टस्कनीतलं लग्न: फोटोग्राफर घरून न्यायचा की तिथलाच घ्यायचा?

डोंगरउतार
भाचीचं लग्न पुढच्या जूनमध्ये इटलीत आहे. टस्कनीत, सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चा खोऱ्यातल्या एका शेतघरात. पाहुणे मोजकेच. घरात वाद पेटलाय तो फोटोग्राफरवरून. ताईला ओळखीतला, विश्वासाचा माणूस सोबत न्यायचाय. माझ्या मते हा पैशांचा चुराडा आहे. तिकीट, मुक्काम, गाडी सगळं आपण भरायचं आणि तो त्या जागेवर आपल्याइतकाच नवखा! तिथल्या माणसाला निदान कुठल्या महिन्यात शेतं कशी दिसतात हे पाठ असतं. मे महिन्यात तो भाग हिरवागार, जूनमध्ये गहू पिवळा पडतो, कापणी झाली की नुसती खुंटं आणि नांगरलेली माती. हिरवे फोटो पाहून हरखलेली मंडळी ऑगस्टमध्ये तिथे जातात आणि तोंड पाडून परत येतात. घरचा फोटोग्राफर हे आधी सांगणार आहे का?

माणसं_आधी
साफ असहमत. शेत हिरवं की पिवळं हे घरबसल्या शोधता येतं. समजा, मुलीची आई आणि आत्या यांच्यात अबोला आहे, त्या दोघी एकमेकींकडे बघून चुकून हसल्या तर तो क्षण टिपायलाच हवा, हे परक्या माणसाला कसं कळणार? वाल दोर्चा २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथल्या सायप्रस नावाच्या उंच, निमुळत्या झाडांचे फोटो जगभर फिरतात. तिथले अल्बम चाळून बघा. झाडांची रांग, वळणाचा रस्ता, मध्ये मुंगीएवढं जोडपं. चेहरे बदला, फोटो तोच. लग्नाचा अल्बम हवाय की भिंतीवरचं कॅलेंडर?

कागद_आधी_दाखवा
दोघांनीही मुख्य गोष्टीला बगल दिलीय. घरून नेणार असाल तर तो तिथे पैसे घेऊन काम करणार. पर्यटक व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे. "पाहुणा म्हणून येतोय" असं सांगून दोन कॅमेरे, पाच लेन्स आणि लायटिंगची पेटी घेऊन विमानतळावर उभं राहायचं असेल तर तुमची मर्जी. व्यावसायिक उपकरणं तात्पुरती नेऊन परत आणण्यासाठी एटीए कार्ने नावाचा कागद असतो, तो निघण्याआधीच करून घ्यावा लागतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या. १०० वॅट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी.

आणि ड्रोन! प्रत्येकाला ड्रोन हवाच असतो. युरोपियन महासंघाच्या नियमांप्रमाणे कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी चालवणाऱ्याची नोंदणी लागते. कमी धोक्याच्या उड्डाणांसाठी असलेल्या 'खुल्या वर्गात' उंची जास्तीत जास्त १२० मीटर आणि गर्दीच्या डोक्यावरून उडवायला बंदी. पाहुण्यांवरून भुर्रकन नेलेला तो शॉट विसरा.

मावळतीचा_पहारेकरी
हेच काम करून पोट भरतो, त्यामुळे मी पक्षपाती आहे असं समजूनच वाचा.

माणूस कुठला हा प्रश्न नंतरचा. वेळापत्रक कोण ठरवतंय ते आधी सांगा. जूनमध्ये टस्कनीत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. समारंभ मात्र दुपारी चारला ठेवतात, कारण सगळ्यांना तीच वेळ सोयीची वाटते. चारचं ऊन अजून चांगलंच वरून पडत असतं. डोळ्यांच्या जागी काळे खळगे, नाकाखाली सावलीची मिशी, पांढरा शर्ट जळून कोरा कागद आणि मागचा सायप्रस ठार काळा. एकाच फ्रेममध्ये दोन्ही सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. मग साडेसातला सगळ्यांना टेबलावर बसवतात आणि बाहेर ज्या उजेडासाठी एवढा प्रवास केला तो वाया जातो.

आणखी एक. मावळतीची छापील वेळ सपाट क्षितिजाची असते. शेतघर टेकडीच्या माथ्यावर असेल तर तिथे ऊन शेवटपर्यंत मिळतं, पण खाली ओढ्याकाठी समारंभ ठेवलात तर सूर्य समोरच्या टेकडीआड खूप आधी जातो. हिवाळ्यात तर विचारूच नका. विराट-अनुष्काचं लग्न डिसेंबर २०१७ मध्ये याच सिएना परिसरात झालं. त्या दिवसांत तिथे पावणेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो.

माणसं_आधी
म्हणजे नवरानवरीला भरल्या ताटावरून उठवायचं? लोक विमानं बदलून त्यांना भेटायला आलेत, आणि ते दोघं शेतात उभे राहून क्षितिजाकडे बघतायत. मला हे हास्यास्पद वाटतं.

मावळतीचा_पहारेकरी
तासभर नाही हो, पंधरा-वीस मिनिटं. इटलीत जेवण टप्प्याटप्प्याने येतं. पास्ता झाला आणि मुख्य पदार्थ यायचाय, त्या मधल्या वेळात दोघांना बाहेर काढायचं. फक्त हे स्वयंपाकघराला आधी माहीत हवं. तिथला फोटोग्राफर हे त्यांच्या भाषेत जाऊन सांगतो. घरून नेलेला माणूस लग्नाच्या नियोजकाच्या मागे मागे फिरतो. माझ्या मते खरा फरक हा आहे.

डोंगरउतार
हाच तर माझा मुद्दा! कायदेशीर लग्न नगरपालिकेत असेल तरी तेच. महापौर किंवा त्याचा प्रतिनिधी खांद्यावरून तिरंगी पट्टा घालून उभा राहतो, इटालियन नागरी संहितेतली पती-पत्नीच्या हक्क-कर्तव्यांची १४३, १४४ आणि १४७ ही कलमं वाचतो आणि मग दोघांना होकार विचारतो. भाषा न कळणारा माणूस कलमांचं वाचन चालू असताना लेन्स बदलत बसला तर होकार हुकला!

कागद_आधी_दाखवा
भाषा न कळणाऱ्या जोडप्यासाठी तिथे दुभाषी असतो. तो दुभाषी फोटोग्राफरच्याही कामाचा. हा काही एवढा मोठा अडसर नाही.

दोन_डगरी
दोन्ही का नाही? मुख्य माणूस तिथला, सोबत घरचा एक जण फक्त चेहऱ्यांसाठी.

मावळतीचा_पहारेकरी
चालतं, पण मुख्य कोण हे लेखी ठरवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या फ्रेममध्ये. कॅमेऱ्यांची घड्याळं आदल्या दिवशी जुळवा. एकाचं घरच्या वेळेवर राहिलं तर दोघांचे फोटो वेळेनुसार लावल्यावर क्रम उलटसुलट होतो. आणि मोठे दिवे आणणार असाल तर वीज विचारा. इटलीत घरगुती जोड साधारण ३ किलोवॅटचा असतो. केटररची भट्टी, गाण्याचे स्पीकर आणि व्हिडिओचे दिवे एकदम लावले की जुन्या शेतघरात अंधार.

माणसं_आधी
तिथल्याला घेणार असाल तर एक तरी अख्खं लग्न बघायला मागा. पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत. निवडक चाळीस फोटो सगळ्यांचेच छान असतात. त्यात म्हातारी माणसं किती आणि झाडं किती, ते मोजा. माझं मत बदललेलं नाही.

डोंगरउतार
घरी अजून एकमत नाही. पण जेवण उशिरा सुरू करा असं नियोजकाला कळवलंय, त्यावर ताईसुद्धा काही बोलली नाही.

कागद_आधी_दाखवा
बाहेर मोठ्याने गाणी किती वाजेपर्यंत चालतील ही वेळ तिथे नगरपालिका ठरवते. जेवण पुढे ढकललंत तर नाच तेवढा कापला जाणार. ती वेळ आजच विचारून घ्या.